वेळ कमी पडला, पण नेमका कुठे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदूरच्या शालेय आणि वयोगटांच्या बुद्धिबळ स्पर्धांचे निकाल वर्तमानपत्रात येतात. कोण पहिला, कोण दुसरा, कुणाचे किती गुण, एवढं त्यात असतं आणि बातमी म्हणून ते पुरेसंही आहे. पण हरलेल्या डावांचं पुढे काय होतं, याकडे ना आयोजकांचं लक्ष असतं, ना बहुतेक पालकांचं. स्पर्धेच्या सभागृहाच्या दाराशी थोडा वेळ उभं राहिलं की एकच वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं: "जिंकत होतो, पण टायमात मार खाल्ला." पालक मान डोलावतात, "पुढच्या वेळी जरा भराभर खेळ" म्हणतात. स्कोअरशीट, म्हणजे चाली लिहायचा कागद, दप्तरात जाते ती रद्दी काढायच्या दिवशीच बाहेर येते.

"भराभर खेळ" हा सल्ला चुकीचा आहे आणि त्यासाठीच हा पत्रप्रपंच. वेळेच्या ताणात हरलेल्या डावातली शेवटची घोडचूक सगळ्यांना दिसते. ती होण्याइतका वेळ कमी कसा झाला, हे मात्र पुष्कळदा वीस-पंचवीस चाली आधीच ठरून गेलेलं असतं. ते शोधायला चालींइतकंच घड्याळाचं टिपण लागतं. ते नसेल तर इंजिन (चाली तपासणारा संगणक-प्रोग्राम) कितीही भारी असो, विश्लेषण अर्धंच होतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे प्रत्येक चालीसमोर, निदान दर पाचव्या चालीसमोर, आपल्या घड्याळात उरलेली मिनिटं लिहिणं. स्कोअरशीटवर असं काही लिहिलं तर पंच हरकत घेतील, अशी भीती अनेक पालकांना वाटते. ती निराधार आहे. चाली, घड्याळातला वेळ, बरोबरीचा प्रस्ताव आणि दाव्याशी संबंधित गोष्टी स्कोअरशीटवर लिहिता येतात, असं फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, नियमांतच आहे. चालत नाही ते वेगळं: बरोबरीच्या दाव्याचा प्रसंग सोडला तर चाल खेळण्याआधी लिहून ठेवता येत नाही, आणि "वजीर सांभाळ" अशा स्वतःला बजावणाऱ्या सूचनाही खरडता येत नाहीत. मिनिटांचा आकडा टाकायला दोन सेकंद लागतात. दर चालीला घड्याळात ३० सेकंद वाढवून मिळत असतील तर तेवढे सहज परवडतात.

हे टिपण वाचायचं कसं? समजा, ९० मिनिटं आणि दर चालीला ३० सेकंद अशा डावातली काळ्याची स्कोअरशीट आपल्यासमोर आहे. नवव्या चालीनंतर घड्याळात ८७ मिनिटं. दहावीनंतर ७३. तेरावीनंतर ६६, चौदावीनंतर एकदम ४९. विसावीला ३१, अठ्ठाविसावीला ९, चौतिसावीला १. आणि सदतिसाव्या चालीला हत्ती फुकट गेला. घरचे सगळे सदतिसाव्या चालीवर बोट ठेवणार. पण चौतिसाव्या चालीपासूनच हे मूल मिळणाऱ्या तीस सेकंदांवर दिवस काढत होतं. त्यातले चार-पाच सेकंद चाल लिहिण्यात जाणार, म्हणजे विचाराला पंचवीस. हत्ती तेव्हा वाचला असता तरी पुढच्या पाच-सहा चालींत दुसरं काहीतरी गेलंच असतं.

बोट ठेवायचं ते दहाव्या आणि चौदाव्या चालीवर. दहावीला साडेचौदा मिनिटं गेली, चौदावीला साडेसतरा. (घड्याळात १४ आणि १७ मिनिटांचाच फरक दिसतो, कारण प्रत्येक चालीला अर्धं मिनिट परत मिळालेलं असतं. हा हिशेब मुलं हमखास विसरतात.) दोन्ही विचार लांबलचक, पण दोन्हींची जात एक नसते. दहाव्या चालीला समजा पांढऱ्याने एच३ असं साधं प्यादं सारलं (पटाच्या उभ्या पट्ट्या ए ते एच, आडव्या रांगा १ ते ८, त्यावरून घराचं नाव). पाठ केलेल्या ओळीत ही चाल नव्हती, म्हणून मूल बिचकलं. यात काही सापळा आहे का, हे चौदा मिनिटं शोधत बसलं आणि शेवटी कॅसलिंग केलं (राजा हत्तीच्या आड सुरक्षित नेला), जे त्याला पहिल्याच मिनिटात सुचलं होतं. लांब विचार करून अखेर पहिल्यांदा सुचलेलीच चाल खेळली गेली असेल, तर तो वेळ बहुतेक वेळा धीर गोळा करण्यात गेलेला असतो. आकडेमोड त्यात फारशी झालेली नसते. चौदाव्या चालीची गोष्ट निराळी. तिथे डी५ घरावर मारामारी झाली होती आणि परत मारायचं ते ई६ च्या प्याद्याने की घोड्याने, असा प्रश्न होता. प्याद्याने मारलं की ई पट्टी उघडते, प्याद्यांची रचना कायमची बदलते आणि पुढच्या वीस चालींचं स्वरूपच पालटतं. इथे सतरा मिनिटं जरा जास्तच झाली असतील, पण ती योग्य जागी खर्च झाली.

ही जात ओळखायला इंजिनचा फार चांगला उपयोग होतो, फक्त ते सध्या ज्या रीतीने वापरलं जातं ती रीत सोडावी लागते. स्टॉकफिश हे इंजिन फुकट मिळतं, लिचेस या संकेतस्थळावरही फुकट चालतं. त्यामुळे घरी आल्याआल्या डाव त्यात भरायचा, लाल खुणा मोजायच्या, "सदतिसावी चाल ब्लंडर" हे वाचायचं आणि लॅपटॉप मिटायचा, एवढ्यालाच आता विश्लेषण म्हणतात. त्याऐवजी इंजिनला एका वेळी तीन पर्यायी ओळी दाखवायला लावा. ही सोय सेटिंगमध्ये असते. मग जिथे जिथे पाच मिनिटांहून जास्त वेळ गेला, तिथे थांबून तिन्ही ओळींचे आकडे बघा (इथे शून्य म्हणजे बरोबरी, १ म्हणजे आपली साधारण एका प्याद्याची आघाडी, उणे म्हणजे आपली पिछाडी). पहिली ०.२०, दुसरी ०.१५, तिसरी ०.१० असं असेल तर कुठलीही चाल चालली असती, वेळ उगाच गेला. पहिली ०.१०, दुसरी उणे १.८०, तिसरी उणे २.५० असेल तर ती एकच चाल तारणारी होती आणि तिथे वेळ घालवणं रास्त होतं. याच्या उलट तपासणीही करा: एकच चाल तारणारी असताना खेळाडूने ती वीस सेकंदांत खेळली का? मुलांच्या डावांत हे दुसरं प्रकरण पहिल्याइतकंच आढळतं. साध्या जागी चौदा मिनिटं आणि कठीण जागी वीस सेकंद, असा उलटा खर्च.

मात्र इंजिनचा शून्य म्हणजे "सोपी बरोबरी" असा अर्थ काढू नका. राजाभोवतीची प्यादी फुटली आहेत, समोरचा वजीर आणि घोडा घेऊन आलाय, आणि दर चालीला एकच उत्तर टिकतं, अशा स्थितीलाही इंजिन ०.०० म्हणतं. दोन मिनिटं उरलेल्या बारा वर्षांच्या मुलासाठी ती स्थिती हरलेलीच समजावी. मग प्रश्न असा विचारायचा, की असल्या स्थितीत शिरण्याचा निर्णय कितव्या चालीला झाला आणि तेव्हा घड्याळात किती मिनिटं होती.

इंजिन उघडण्याआधी एक पायरी आहे आणि ती गाळली तर पुढचं सगळं फोल ठरतं. डाव संपल्यावर शक्य तितक्या लवकर, दोन्ही खेळाडूंनी मिळून तो पुन्हा मांडायचा. खेळण्याच्या जागेत याला मनाई असते आणि ती योग्यच आहे, म्हणून बाहेर बसायचं. प्रत्येक लांब विचाराजवळ खेळाडूने सांगायचं: कुठल्या चाली मनात होत्या, कशाची भीती होती, कुठली ओळ कुठपर्यंत बघितली. पालकाने किंवा प्रशिक्षकाने ते फक्त लिहून घ्यायचं, मध्ये बोलायचं नाही. ही माहिती स्कोअरशीटवर नसते, इंजिनकडे नसते, आणि डोक्यातही फार काळ राहत नाही. पोहे-जलेबी खाऊन घरी पोचेपर्यंत मूल "मला तेव्हा असं वाटलं होतं" याच्या जागी "मला माहीतच होतं" म्हणायला लागतं. एकदा का इंजिनची ओळ दिसली, की मग आपण काय विचार केला होता हे खुद्द खेळाडूलाही प्रामाणिकपणे आठवत नाही.

समोरच्या खेळाडूचं ऐकणं तर फारच मोलाचं. "तू वजीर मागे घेशील याची मला धास्ती होती" असं तो म्हणतो, तेव्हा कळतं की आपल्याला ती चाल दिसलीच नव्हती. मागे जाणाऱ्या चाली घाईत सगळ्यात आधी नजरेतून सुटतात, घोड्याच्या आणि उंटाच्या तर हमखास. वेळेच्या ताणातल्या चुकांची वर्गवारी केली तर पुन्हा पुन्हा तेच चार-पाच प्रकार सापडतात. समोरच्याची शेवटची चाल न बघता आपलं ठरलेलं खेळणं. मारामारीच्या मध्येच बसणारा शह न दिसणं. काही सुचत नाही म्हणून प्यादं पुढे सारणं. मोहरं चुकीच्या जागी गेलं तर परत आणता येतं, प्याद्याला ती सोय नाही. आणि सगळ्यांत महाग पडणारा प्रकार म्हणजे ताण संपावा म्हणून अदलाबदल करणं.

अदलाबदलीचा प्रकार सविस्तर सांगायला हवा, कारण तो जगज्जेतेपदाच्या लढतीतही दिसला. १२ डिसेंबर २०२४ रोजी सिंगापूरला आव्हानवीर गुकेश (काळा) आणि तेव्हाचा जगज्जेता डिंग लिरेन (पांढरा) यांच्यातला चौदावा, शेवटचा डाव. तोवर गुण साडेसहा-साडेसहा. पहिल्या ४० चालींना १२० मिनिटं, एकही सेकंद वाढीव नाही. पुढे ३० मिनिटं आणि एकेचाळिसाव्या चालीपासून दर चालीला ३० सेकंद, अशी व्यवस्था होती. गुकेशकडे एक प्यादं जास्त होतं, पण पटावर दोघांचेही हत्ती आणि उंट असेपर्यंत पांढऱ्याला डाव धरून ठेवता येत होता. डिंगच्या घड्याळात गुकेशपेक्षा बराच कमी वेळ होता. पंचावन्नाव्या चालीला त्याने हत्ती एफ२ वर आणून हत्तींची अदलाबदल देऊ केली. गुकेशने हत्ती मारला आणि मग उंट डी५ वर ठेवला. पांढऱ्याचा उंट ए८ च्या कोपऱ्यात होता, त्यामुळे उंटांचीही अदलाबदल टळेना. उरला नुसता राजा-प्याद्यांचा डाव, आणि त्यात ते एक जादा प्यादं पुरेसं होतं. "हत्ती गेले की पुढे काय उरतं?" हा प्रश्न तेवढा राहून गेला. जगज्जेत्याचा राहून गेला, तर आपल्या पोरांचा राहणारच. म्हणून अदलाबदल करण्यापूर्वीची स्थिती विश्लेषणात नेहमी वेगळी काढून तपासावी.

मुलांच्या डावांत याचंच छोटं रूप दर स्पर्धेत दिसतं. शेवटचे हत्ती घाईघाईने मारले जातात आणि समजा अशी स्थिती येते: पांढरा राजा डी५, पांढरं प्यादं ई६, काळा राजा ई७, चाल काळ्याची. काळ्याच्या घड्याळात आठ सेकंद. राजा मागे घ्यायचा आहे, घरं तीन: डी८, ई८, एफ८. (डी६ आणि एफ६ वर जाण्याचा मोह होतो, पण डी६ पांढऱ्या राजाच्या ताब्यात आहे, आणि एफ६ वर गेलं तर पांढरा राजा डी६ वर येतो आणि प्यादं पुढे जातं.) डी८ वर गेलं तर पांढरा राजा डी६ वर येतो; काळा ई८, प्यादं ई७, आता काळ्याला एफ७ शिवाय घर नाही, पांढरा राजा डी७ वर आणि पुढच्या चालीला वजीर. एफ८ वर गेलं तरी निकाल तोच. ई८ वर, म्हणजे सरळ मागे गेलं तर? पांढरा राजा डी६, काळा डी८. प्यादं ई७ शह, काळा ई८. आता प्यादं वाचवायला पांढऱ्याला राजा ई६ वर आणावाच लागतो, आणि काळ्याकडे एकही चाल उरत नाही. शह नसताना कोंडी, डाव बरोबरीत. "प्यादं अंगावर आलं की राजा सरळ मागे" एवढं ज्याच्या हातात बसलंय त्याला आठ सेकंद खूप झाले. ज्याला ते पटावर बसून नव्याने शोधायचं आहे त्याला आठ मिनिटंही कमी पडतील. म्हणजे वेळेचा ताण म्हणून खपणाऱ्या पराभवांत डावाच्या शेवटच्या टप्प्याच्या अभ्यासाची उणीव बरीच दडलेली असते. हे नीट पाहिलं की उपायही बदलतो: भराभर खेळायचा सराव काही कामाचा नाही, राजा-प्याद्यांच्या पंचवीसेक मूळ स्थिती घोटायच्या.

आता जलद डावांचं. आपल्याकडच्या एकदिवसीय स्पर्धा बहुतेक याच प्रकारच्या. मूळ वेळ आणि ६० चालींची वाढीव मिनिटं मिळून १० पेक्षा जास्त आणि ६० पेक्षा कमी होत असतील, तर फिडेच्या हिशेबाने तो जलद डाव. म्हणजे १५ मिनिटं अधिक ५ सेकंद हा जलद डाव, ५ अधिक ५ मात्र ब्लिट्झ, म्हणजे अतिजलद डाव. जलद डावात चाली लिहिणं बंधनकारक नाही, आणि त्यामुळे हरलेला डाव कायमचा हरवतो. तरी लिहायला बंदी नाही. पहिल्या वीस चाली लिहाव्या, तीन मिनिटं उरली की पेन खाली ठेवावं. राहिलेला भाग जुळवताना शेवटची स्थिती मांडून मागे जायचं आणि कोणतं मोहरं कशाच्या बदल्यात गेलं, या क्रमाने आठवायचं. मारामाऱ्या लक्षात राहतात, त्यांच्यामधल्या शांत चाली त्यांच्या आधाराने सापडतात.

लांब डावात नियम कडक आहे आणि तो मुलांना नीट सांगितला जात नाही. दर चालीला ३० सेकंद किंवा जास्त मिळत असतील तर शेवटपर्यंत लिहायचं, घड्याळात दहा सेकंद उरलेले असले तरी. वाढीव वेळ ३० सेकंदांहून कमी असेल किंवा नसेलच, तर पाच मिनिटांच्या आत आल्यावर लिहिणं थांबवता येतं. मात्र फ्लॅग पडल्यावर, म्हणजे वेळ संपल्यावर, राहिलेल्या चाली भरून घ्याव्या लागतात.

घाईत नियम न कळल्याने गेलेले गुणही "टायमात मार" या खात्यावरच जमा होतात. प्यादं आठव्या घरात नेऊन वजीर न ठेवताच घड्याळ दाबलं, तर ती बेकायदा चाल. लांब डावात समोरच्याला दोन मिनिटं जादा, आणि दुसऱ्यांदा झालं तर डाव गेला. वजीर हाताशी नाही म्हणून हत्ती उलटा ठेवला, तर तो हत्तीच धरला जातो. अशा वेळी घड्याळ थांबवून पंचांकडे वजीर मागता येतो, पण हे मुलांना कुणी सांगत नाही. ज्या हाताने चाल केली त्याच हाताने घड्याळ दाबायचं. सोंगट्या पडल्या तर आपल्याच वेळात उभ्या करायच्या. आणि आपला फ्लॅग पडला पण समोर नुसता राजा उरलाय, तर डाव बरोबरीत सुटतो. हे ठाऊक नसलेली मुलं मुकाट हात मिळवून "हरलो" असं लिहून देतात.

उपायांबद्दल. ज्याला दर स्पर्धेत वेळेची अडचण येते त्याच्यासाठी माजी जगज्जेते बोट्विनिक यांनी सांगितलेला तोडगा अजून चालतो: काही सराव-डाव असे खेळायचे, की ज्यांत निकालाकडे आणि चालींच्या दर्जाकडेही न बघता फक्त घड्याळ सांभाळायचं. त्यासाठी टप्पे हवेत. ९० अधिक ३० च्या डावात दहाव्या चालीला ८५, विसाव्याला ६०, तिसाव्याला ३५, चाळिसाव्याला १५ मिनिटं उरावीत. १५ अधिक ५ मध्ये दहाव्याला १३, विसाव्याला ९, तिसाव्याला साडेपाच. हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. ओपनिंग (सुरुवातीच्या चाली) पाठ असेल तर दहाव्या चालीला घड्याळात ९० हून जास्त मिनिटंही दिसतील, आणि ते बरंच आहे. पण विसाव्या चालीला ६० च्या जागी ३१ दिसले, तर पुढच्या पाच चाली "चांगली चाल पुरे, सर्वोत्तम नको" अशा बेताने खेळायच्या, हे आधीच ठरलेलं असावं. चाळीस चाली धरल्या तर ९० अधिक ३० मध्ये चालीमागे पावणेतीन मिनिटं येतात, १५ अधिक ५ मध्ये साडेसत्तावीस सेकंद. मुलाने ही भागाकाराची गोष्ट एकदा स्वतः करून बघावी. साडेचौदा मिनिटं म्हणजे पाचहून जास्त चालींचा वाटा, हे त्याला तेव्हा पटतं.

समोरच्याची मिनिटंही शक्य तिथे टिपावीत. वेळ त्याचा संपत आलेला असताना आपणही भराभर खेळायला लागणं ही जुनी खोड आहे, आणि चांगल्या स्थितीतले कितीतरी डाव तिने घालवले आहेत. त्याच्याकडे एक मिनिट आणि आपल्याकडे वीस, तर त्याला आपल्या वेळात विचार करू न देण्याच्या नादात आपण आपलीच वीस मिनिटं फेकून देतो. टिपणात हे लगेच दिसतं: हरताना घड्याळात अठरा मिनिटं शिल्लक असतात.

आता आयोजकांना विनंती. शालेय स्पर्धांत १५ मिनिटं, वाढीव काही नाही, अशी पद्धत अजून ठिकठिकाणी आहे. वाढीव सेकंद दिले तर फेऱ्या लांबतात, असं कारण सांगतात. हिशेब करून बघा: १० मिनिटं अधिक ५ सेकंद ठेवले तर साठ चालींच्या डावाला प्रत्येकी १५ मिनिटंच होतात. ऐंशी चालींचा डाव झाला तरी प्रत्येकी १६ मिनिटं ४० सेकंद, म्हणजे दोघांचं मिळून ३३ मिनिटं २० सेकंद. अशा लांब डावातही जेमतेम साडेतीन मिनिटांचा फरक, तोही एखाद्याच पटावर. त्याच्या बदल्यात जिंकलेल्या स्थितीत नुसत्या हातघाईने डाव जाणं जवळजवळ थांबेल. शिवाय सभागृहाबाहेर दोन टेबलं आणि दोन पट ठेवले तर विश्लेषणाची सोय फुकटात होते. स्कोअरशीट नियमाने आयोजकांची मालमत्ता असते, म्हणून कार्बन प्रत असलेल्या स्कोअरशीट वापराव्यात. प्रत मुलाला मिळालीच पाहिजे. चालींच्या रकान्यांशेजारी वेळेसाठी एक अरुंद रकाना छापून घेतला तर छपाईचा खर्च वाढत नाही.

आणि एक विनंती आपल्या क्रीडापानाला. नागपूरच्या दिव्या देशमुखने जुलै २०२५ मध्ये बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. कोनेरू हम्पीविरुद्धच्या त्या अंतिम लढतीचे दोन्ही लांब डाव बरोबरीत सुटले आणि निकाल जलद डावांत लागला. तेव्हापासून मराठी घरांत बुद्धिबळाच्या बातम्या आवडीने वाचल्या जातात. त्या आवडीचा फायदा घेऊन महिन्यातून एकदा स्थानिक स्पर्धेतला एखादा डाव, दोन्ही मुलांच्या पालकांची परवानगी घेऊन आणि नावं न देता छापता येईल. बुद्धिबळाची सदरं बहुधा विजेत्याच्या बाजूने लिहिली जातात. हा डाव हरलेल्याच्या बाजूने मांडावा. पांढऱ्याच्या चाली, काळ्याच्या चाली आणि तिसऱ्या रकान्यात हरलेल्याच्या घड्याळातली मिनिटं. जिथे पाच मिनिटांहून जास्त गेली त्या आकड्याखाली रेघ मारावी, शेजारी त्या स्थितीचा पट छापावा, आणि वाचकांना एवढंच विचारावं: इथे किती वेळ द्यायला हवा होता? उत्तर पुढच्या महिन्याच्या अंकात, तीन पर्यायांसकट.

कळावे,
आपला,
एक बुद्धिबळप्रेमी वाचक, इंदूर